बागेसाठी छोटा ट्रॅक्टर घेताना

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत ट्रॅक्टर निवडताना आधी टेप घ्या, एचपी नंतर. ओळींत ९ फूट अंतर असलं तरी दोन्ही बाजूंच्या फांद्या आत येतात. म्हणून टायरच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत साधारण ४ फूट रुंदी बरी. सायलेन्सर उभा असेल तर मंडपाच्या तारांखालून जाणार का, तेही मोजा.

ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या हवेने औषध फवारणारं यंत्र, चालतो पीटीओवर (अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा), त्यामुळे इंजिनाचा नव्हे, पीटीओचा एचपी विचारा. तो कमीच असतो. पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे इंजिनाच्या किती आरपीएमला मिळतात, हेही विचारा. जितक्या कमी आरपीएमला, तितकं डिझेल वाचतं.

इंजिन मेकॅनिकल डिझेल पंपाचंच घ्यावं, असं आमचं ठाम मत आहे. सेन्सर नाही, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) नाही. पाऊस पडून गेल्यावर पहाटे फवारणी अडली तर बहुतेक वेळा पाना पुरतो. डिझेल संपून पाइपात हवा धरली, तर डिझेल फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सैल करून हँड प्रायमर, म्हणजे डिझेलचा हातपंप, मारायचा, बुडबुडे थांबले की स्क्रू आवळायचा. तरी सुरू झालं नाही, तर इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या पाइपचे नट थोडे सैल करून स्टार्टर फिरवायचा. उडणाऱ्या डिझेलपासून हात आणि डोळे लांब ठेवा. या पंपाचा खरा शत्रू डिझेलमधलं पाणी. फिल्टरच्या तळाशी साचलेलं पाणी नियमित काढा.

जुना घेताय? इंजिन थंड असतानाच जा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत फिरा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडल्यावर वाफ जोरात फेकली गेली तर सिलिंडरमधले रिंगा-लायनर गेले समजा.