नव्या फोनवाल्यांची हजेरी

बुधवार, रात्री साडेअकरा. शहापूर, बेळगाव.

पाऊस सकाळपासून थांबलेला नाही. दोनदा करंट गेला. राऊटर इन्व्हर्टरवर आहे म्हणून बरं, नाहीतर आजचं रिलीज उद्यावर गेलं असतं.

आठवडाभर डोकं खाणारा बग आज सापडला. माझाच निघाला.

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत माझं बीकनचं प्लगइन वापरतात. बीकन म्हणजे ब्लूटूथवरून आपली ओळख सारखी पुकारणारं बटणाएवढं यंत्र. गेटवर एक, पॅटर्नच्या खोलीत एक. कामगार आत आला की खिशातल्या फोनला बीकन ऐकू येतो आणि हजेरी लागते. प्लगइनचं काम एवढंच, की अँड्रॉइड आणि आयफोनचं वेगवेगळं बोलणं ऐकून वरच्या ॲपला एका भाषेत सांगायचं. फुकट दिलंय, पण तक्रार करणारा पैसे मोजल्यागत बोलतो.

तिथला पोरगा सोमवारी फोनवर म्हणाला, "दादा, जुन्या फोनवाल्यांची हजेरी लागालीय, नव्यांची नाही. नवा फोन घेऊन चुकलं काय त्यांचं?" मी ठोकून दिलं, "लोखंडाचा कारखाना आहे, सिग्नल उड्या मारणारच." तसं ते खोटं नव्हतं. 2.4 गिगाहर्ट्झची लहर लोखंडावरून परतते, माणसाच्या अंगातलं पाणी ती शोषून घेतं. फोन मागच्या खिशात गेला तरी सिग्नलचा आकडा घसरतो. पण लोखंड फोन जुना की नवा ते बघून अडवत नाही, एवढं तरी सुचायला हवं होतं.

काल घरातच तपासायला बसलो. बीकन देवळीत ठेवला आणि फोन घेऊन माडीवर फेऱ्या. दुसऱ्या फेरीत आकडा एकदम उणे 90 च्या खाली. सेल गेला असं समजून नवा आणायला छत्री शोधत होतो, तर आई म्हणाली, "काय शोधालायस रे? ते बटणासारखं काय? पोरं गिळतील म्हणून डब्यात घातलंय की." मेतकुटाचा स्टीलचा डबा, घट्ट झाकणाचा. त्यातूनही थोडा सिग्नल झिरपत होता ह्याचंच नवल!

म्हणून तर मी मीटरमधलं अंतर द्यायला कायम नाही म्हणतो. बीकन अंतर सांगतच नाही. तो हवेत सोडतो त्या माहितीच्या पाकिटात 16 बाइटांचा ओळख क्रमांक, दोन-दोन बाइटांचे मेजर आणि मायनर हे पोटक्रमांक, आणि एक मीटरवर सिग्नल किती असावा तो आकडा असतो. बाकी सगळा अंदाज. खानापूरकडं एखाद्याला गाव किती लांब विचारलं की "हे काय, इथंच" म्हणतो आणि पुढं तासभर चालावं लागतं, त्यातली गत.

आज भाची आली, तिचा नवा फोन मागून घेतला. डबा नाही, लोखंड नाही, बीकन हाताशी, तरी स्कॅनमध्ये शून्य. माझ्या अँड्रॉइड 10 वर तोच बीकन टुणटुणीत. मग जुने बदल उपसले. महिन्याभरापूर्वी मीच मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे परवानग्या जिथं लिहितात त्या फाइलीत, ब्लूटूथ स्कॅनच्या परवानगीला 'नेव्हर फॉर लोकेशन' ही खूण लावली होती. अँड्रॉइड 12 पासून स्कॅनला वेगळी परवानगी लागते, आणि ही खूण लावली की लोकेशन मागावं लागत नाही. लोकांची झंझट वाचली म्हणून खूश होतो. पण खूण लावणं म्हणजे 'स्कॅनवरून मी ठिकाण काढणार नाही' असा शब्द देणं, आणि बीकन तर ठिकाण सांगायलाच असतो. तेव्हा सिस्टिम काही बीकन निकालातून गाळून टाकते. जुन्या अँड्रॉइडला ही खूण कळतच नाही, म्हणून तिथं सगळं आलबेल. कागदपत्रांत एका ओळीत लिहिलंय. वाचली होती मी ती ओळ, हेच जास्त लागलं.

खूण काढली, लोकेशनची परवानगी परत मागितली, आवृत्ती सोडली. 'किरकोळ सुधारणा' लिहिलं होतं, ते खोडून काय मोडलं होतं ते नीट लिहिलं. पोरग्याला फोन केला. लोखंडाचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. आता "हजेरीला लोकेशन कशाला?" म्हणून कामगार विचारणार, आणि त्यांचं विचारणं रास्तच आहे. त्यांना कानडीत आणि मराठीत सांगायच्या दोन ओळी लिहून दिल्या. कानडीतली भाचीनं तपासली.

आयफोनची एक तक्रार अजून पडून आहे. तक्रारवाल्याला एकविसावा रीजन, म्हणजे ॲपनं पाळत ठेवायचा बीकनचा गट, हवाय, आणि ॲपल एका ॲपला वीसच देतं. उद्या बघतो.