रास्पबेरी पाय, जेटसन की एफपीजीए?

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी इमेज प्रोसेसिंग निवडलेले अभियांत्रिकीचे विद्यार्थी मला हमखास विचारतात, की बोर्ड कोणता घ्यावा: रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, जेटसन हा ग्राफिक्स प्रोसेसर असलेला बोर्ड, की एफपीजीए, म्हणजे आतले लॉजिक सर्किट आपल्याला हवे तसे जुळवता येते अशी चिप? माझे मत असे आहे, की बोर्डाचे नाव सर्वांत शेवटी ठरवावे; आधी सेकंदाला किती पिक्सेल येणार आणि निर्णय किती वेळात हवा, हे कागदावर मांडावे.

640 × 480 चे कृष्णधवल चित्र सेकंदाला 30 वेळा येत असेल, तर सुमारे 92 लाख पिक्सेल हाताळावे लागतात. त्यावर 3 × 3 चा फिल्टर लावायचा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलची नवी किंमत तो आणि त्याचे आठ शेजारी यांवरून काढायची, तर प्रत्येक पिक्सेलमागे नऊ गुणाकार, म्हणजे सेकंदाला सव्वाआठ कोटींच्या आसपास, आणि एवढे काम रास्पबेरी पाय 4 सहज पेलतो. तरीही तो 'स्लो' असल्याची तक्रार येते, तेव्हा मी आधी कोड मागतो. बहुधा पायथॉनमध्ये एकेका पिक्सेलवर लूप फिरवलेला असतो. तेच काम ओपनसीव्ही या इमेज प्रोसेसिंगच्या लायब्ररीतल्या तयार फंक्शनकडे सोपवले, की परिस्थिती पालटते. एवढ्यासाठी महागडा बोर्ड विकत घेऊ नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

खरी अडचण सरासरी वेगापेक्षा वेळेच्या हमीची असते. तासगावच्या बाजूला बेदाणा रंगाप्रमाणे निवडायचा असतो, त्याचेच उदाहरण घेऊ. समजा, दाणा सेकंदाला तीन मीटर वेगाने घसरत आहे आणि काळा दाणा हवेच्या झोताने उडवणारा नोझल कॅमेऱ्याच्या दहा सेंटीमीटर खाली आहे. म्हणजे चित्र घेण्यापासून व्हॉल्व्ह उघडेपर्यंत सगळे 33 मिलिसेकंदांत उरकले पाहिजे. रास्पबेरी पायवर चालणाऱ्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवरचा प्रोग्रॅम एरवी 15 मिलिसेकंदांत उत्तर देईलही, पण मध्येच दुसऱ्या एखाद्या कामाने प्रोसेसर अडवला आणि 50 लागले, तर झोत भलत्याच दाण्यावर बसतो. अशा ठिकाणी एफपीजीएला तोड नाही. तिथे पूर्ण फ्रेम साठवून ठेवण्याची गरज पडत नाही. 3 × 3 च्या खिडकीसाठी आधीच्या दोन ओळी, म्हणजे वरच्या चित्राच्या बाबतीत (पिक्सेलला एक बाइट धरून) 1280 बाइट, चिपमध्येच ठेवल्या की पुढचे पिक्सेल येतील तसतसे दर क्लॉकला, म्हणजे चिपच्या घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला, एक उत्तर बाहेर पडते आणि लागणारा वेळ कायम तेवढाच राहतो.

मात्र त्याची किंमत तुमच्या वेळेने मोजावी लागते. व्हेरिलॉग ही सर्किटचे वर्णन करणारी भाषा शिकणे, दशांशाचे गणित फिक्स्ड पॉइंटमध्ये (दशांशचिन्हाची जागा ठरवून टाकलेल्या पूर्णांकांत) बसवणे आणि प्रत्येक बदलानंतर सिंथेसिस, म्हणजे कोडचे सर्किटमध्ये रूपांतर, संपण्याची वाट पाहणे, हे सगळे दोन सेमिस्टरमध्ये बसवायचे असते. म्हणून एफपीजीएच लागत असेल, तर मी झिंक (Zynq) या चिपची शिफारस करतो: त्यात एआरएम प्रोसेसर आणि लॉजिक एकाच चिपवर असल्याने पिक्सेलचे काम लॉजिककडे आणि स्क्रीन, सेटिंग, नोंदी प्रोसेसरकडे देता येतात. चेहरा ओळखणे किंवा पानावरचा रोग ओळखणे अशा न्यूरल नेटवर्कच्या कामांना मात्र जेटसन सरळ पडतो.

कॅमेऱ्याचा विचारही याच हिशेबात करावा. अनेक यूएसबी वेबकॅम चित्र जेपेगमध्ये दाबून पाठवतात आणि ते उलगडण्यात प्रोसेसरचा वेळ जातो. रिबन केबलने थेट जोडलेल्या कॅमेऱ्यात ही भानगड नसते. वस्तू वेगाने सरकत असेल, तर चित्र एकेक ओळ करून टिपणाऱ्या रोलिंग शटरमुळे तिचा आकार तिरपा उमटतो आणि मग क्षेत्रफळ मोजणारा कोड कितीही चांगला असला तरी चुकतो, तेव्हा बोर्डावरचे पैसे वाचवून ते सगळे चित्र एकाच क्षणी टिपणाऱ्या ग्लोबल शटरच्या कॅमेऱ्यावर आणि चांगल्या प्रकाशयोजनेवर खर्च करावेत.