सुकूस, आठवडा ११: डीची जवारी गेली!

गिटारवर सुकूस, म्हणजे काँगोचं नाचाचं संगीत, शिकतोय. तीन आठवडे डोकं खाणारी डीच्या तारेची झिणझिण काल रात्री थांबली!

गिटार मी-कोम्पोझे नावाच्या ट्युनिंगमध्ये लावली. जाड डी काढून तिथे ०.००९ इंचाची सुटी तार, एक सप्तक वर. काँगोच्या ऱ्हिदम गिटारवाल्यांची जुनी युक्ती. पण लावल्यापासून ती तंबोऱ्यासारखी बोलायला लागली. तंबोऱ्याला जवारी मुद्दाम काढतात, इथे सेबेनचा (गाण्यातला गिटारींचा जलद, नाचाचा भाग) नुसता चिखल. ट्रस रॉडला (मानेतली सळई) पाव फेरी दिली, फरक शून्य. एकाने फ्रेट घासायला सांगितले. ऐकलं नाही ते बरं केलं. मग लक्षात आलं, झिणझिण मोकळ्या तारेलाच येते, पहिला फ्रेट दाबला की गायब. म्हणजे दोष नटात, खुंट्यांकडच्या खाचांच्या पट्टीत! ०.०२६साठी कापलेल्या खाचेत बारीक तार सैल हलत होती. खाण्याचा सोडा आणि सुपरग्लूने खाच भरली, बारीक कानशीने पुन्हा कापली. मोकळा डी आता घंटेसारखा वाजतो.

तरी बाराव्या फ्रेटवर सूर उतरत होता. सॅडल (तार दुसऱ्या टोकाला टेकते तो तुकडा) जाड तारेच्या हिशेबाने मागे होतं. पुढे घेतलं, जमलं. (सुट्या तारा मागा. दुकानदार अख्खा सेट गळ्यात मारतात.)

रात्री दोनपर्यंत वाजवलं आणि नावाचा अर्थ हाताला कळला. सुकूस हा शब्द फ्रेंच 'सेकूस'वरून आला, म्हणजे हादरा. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ते एका नाचाचं नाव होतं, पुढे संगीताला चिकटलं. मी हादरा म्हणजे वेग समजून मिनिटाला १४० ठोक्यांवर रियाज करत होतो. तशी समजूत व्हायला कारण आहे: १९८०च्या दशकात पॅरिसमध्ये कांडा बोंगो मान या काँगोच्या गायकाने संथ सुरुवात काढून थेट सेबेनलाच हात घातला. पण काँगोचा गिटारवादक फ्रँको याचा जुना बँड ओके जाझ ऐका. क्यूबातल्या सोन या नाचगाण्याच्या रेकॉर्डींवर वाढलेला त्यांचा रुम्बा आरामात चालतो, तरी पाय थांबत नाहीत. एक गिटार जागा सोडते, दुसरी तिथे शिरते. हादरा त्या सांध्यात आहे. आणि उंच डी वरच्या ईच्या एकच स्वर खाली असल्याने दोन्ही तारा एकमेकींत गुंजत राहतात.

म्हणून सोलो लांबणीवर. लूपरवर (वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवणारं यंत्र) ९६ला ऱ्हिदम, त्यावर मी-सोलो, म्हणजे ऱ्हिदम आणि लीडच्या मधली गिटार... थांबा, मी-सोलोला साधंच ट्युनिंग ठेवलं तर दोन गिटारींचा आवाज आपोआप वेगळा पडेल. माळ्यावरची जुनी गिटार आत्ताच काढतो.