सहाणेवरची आंबेहळद

थंडी पडू लागली की आंबेहळदीची पाने पिवळी पडून वाळतात आणि कंद काढण्याची वेळ येते. ओला कंद मोडून नाकाशी धरला, तर हळदीचा नव्हे, थेट कैरीचा वास येतो. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी १८१० साली या वनस्पतीला ‘कुर्कुमा अमाडा’ हे शास्त्रीय नाव दिले, त्यातही बंगालीतील ‘आम-आदा’, म्हणजे आंब्याचे आले, हाच शब्द आहे.

आमच्या घरी मुका मार लागला की आजी आंबेहळदीचे वाळलेले कुडे, म्हणजे कंदाचा सुका तुकडा, सहाणेवर पाण्यात उगाळीत असे, ते गंध पळीत कोमट करून सुजेवर जाडसर लावीत असे आणि वाळून कातडी ओढू लागली की कोमट पाण्याने धुऊन काढीत असे. हा लेप ठेच, लचक आणि सूज यांसाठी आहे, उघड्या जखमेसाठी नाही, हा भेद ती कटाक्षाने पाळी. मी एकदा तो पाळला नाही. खरचटलेल्या कोपरावर, हळद जंतुनाशक असते या समजुतीने, मी तेच गंध थापले. तिसऱ्या दिवशी खपलीखाली पू झाला आणि डॉक्टरांना ती जखम उघडून स्वच्छ करावी लागली.

आंबेहळदीत जंतुरोधक द्रव्ये आहेत, हे मात्र खरे आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांनी २००७ साली तिच्या कंदातून डायफ्युरोक्युमेनोनॉल नावाचे जंतुरोधक संयुग वेगळे केले. पण प्रयोगशाळेत द्रावक वापरून काढलेला अर्क बशीतल्या जंतूंवर घालणे वेगळे आणि मातीतून आलेला, निर्जंतुक न केलेला कंद सहाणेवर उगाळून जखमेवर लावणे वेगळे. माझ्या कोपरावर पहिले नव्हे, दुसरे घडले होते.

खरेदी करतानाही जपावे लागते, कारण काष्ठौषधींच्या दुकानात आंबेहळद म्हणून पुष्कळदा रानहळद मिळते. तिला कापरासारखा वास येतो. पूड घेतली तर हा फरक ओळखणे अवघड, म्हणून मी हंगामात ओले कंदच आणते. निम्म्याचे आले, मिरची आणि लिंबू घालून लोणचे होते, उरलेल्याच्या चकत्या सावलीत वाळवून ठेवते आणि डोळा फुटलेला एखादा तुकडा पावसाच्या तोंडावर कुंडीत लावते.