पंधरा वॉटांचा संसार

वळवाचा पाऊस सुरू झाला की आमच्या डिचोलीत वीज जायला निमित्त लागत नाही. परवा संध्याकाळी ती गेली तेव्हा पुतण्या सोप्यावर स्टीम डेक हे हातात धरून खेळायचे गेमिंग यंत्र घेऊन बसला होता. बॅटरी सत्तर टक्के असूनही यंत्र जेमतेम सव्वा तास दाखवत होते. "काका, चिपच कमी ताकदीची घातलीय," असे त्याचे निदान. मला ते पटले नाही.

२०२२ साली आलेल्या या यंत्राची बॅटरी ४० वॉट-तासांची आहे. प्रोसेसरने त्याचे पुरते १५ वॉट घेतले आणि पडदा, पंखा, वायफाय यांचा खर्च त्यात धरला, तर भरलेली बॅटरीही दोन तास पुरत नाही. म्हणूनच एएमडी कंपनीच्या या चिपमध्ये झेन २ रचनेचे चारच कोअर, म्हणजे हिशेब करणारे मुख्य भाग, ठेवून उरलेली वीज चित्र रंगवणाऱ्या आठ ग्राफिक्स युनिटांकडे वळवलेली दिसते. पडदाही १२८० बाय ८०० चा, म्हणजे फुल एचडीच्या निम्म्याहून कमी पिक्सेलचा.

खरी गोम व्होल्टेजमध्ये आहे. चिपचा वीजवापर वेगाच्या पटीत वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही चढवावे लागते, त्यामुळे शेवटचे काही मेगाहर्ट्झ सर्वांत महाग पडतात. त्यापेक्षा जास्त युनिटे सावकाश चालवणे परवडते, मात्र सिलिकॉनचा तुकडा मोठा होतो आणि किंमतही. शिवाय सीपीयू (म्हणजे ते कोअर) आणि ग्राफिक्स एकाच मेमरीवर जगतात; तिचा वेग सेकंदाला ८८ गीगाबाइट असताना नुसती युनिटे वाढवून ती उपाशीच राहतील.

२०२३ च्या आरओजी अ‍ॅलाय या तशाच यंत्राच्या वरच्या मॉडेलमध्ये आठ कोअर, बारा युनिटे आणि ३० वॉटांपर्यंतची मुभा होती. बॅटरी मात्र तीच ४० वॉट-तासांची. चार्जर जोडलेला असेल तर ते यंत्र सरस, यात वाद नाही. पण आमच्याकडच्या मेच्या उकाड्यात, पंख्याने आत ओढलेली हवाच गरम असताना, ३० वॉट हातात धरून बसायची माझी तयारी नाही.

मी प्रोसेसरची मर्यादा ९ वॉटांवर आणली आणि पडद्याचा ताजा होण्याचा वेग व खेळाच्या फ्रेम, म्हणजे चित्रे, दोन्ही सेकंदाला ४० वर बांधले. एका फ्रेमला २५ मिलिसेकंद मिळतात, म्हणजे सेकंदाला ३० आणि ६० फ्रेमच्या बरोबर मधला काळ. उरलेला वेळ पावणेदोन तासांवर गेला, पंख्याची घरघरही थांबली. शर्यतीचा खेळ लावताच पुतण्याने मर्यादा पुन्हा काढून टाकली.