कव्हर नसलेल्या चित्रपटांची यादी

आमच्या संग्रहातल्या बहुतेक डिस्कना आता मूळ कव्हर नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि आमच्या तळमजल्यावर शिरलं, तेव्हा चित्रपटांचं कपाट त्यात पूर्ण बुडालं. व्हीसीडी आणि डीव्हीडी म्हणजे मुळात पॉलिकार्बोनेटच्या चकत्या, पाण्याने त्यांचं फारसं बिघडत नाही. गेला तो कागद. नाव, साल, कलाकार, भाग पहिला की दुसरा, हे सगळं ज्याच्यावर छापलेलं होतं त्याचा लगदा झाला. गाळ उपसताना आम्ही डिस्क बादल्यांत भरून गच्चीवर नेल्या आणि पुढचे कित्येक महिने त्या तशाच राहिल्या, कारण पुरानंतर घरात डिस्कपेक्षा महत्त्वाचं पुष्कळ काही करायचं असतं.

त्याआधी मी कधी यादी केली नव्हती. गरजच नव्हती. कुठल्या खणात काय आहे ते हाताला पाठ होतं. संग्रह वाढला तो नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून. बंद पडणाऱ्या व्हिडिओ लायब्रऱ्यांचा माल, पुण्याला गेलो की लक्ष्मी रस्त्यावरची खरेदी आणि मग २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्यावर तर विचारूच नका. वडापावच्या दोन-चार प्लेटच्या भावात आख्खा चित्रपट मिळत होता. एसटी स्टँडजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातही तो टांगलेला असे.

भाचा म्हणाला, “मामा, टाकून द्या सगळं. यातलं बरंचसं नेटवर फुकट आहे.” त्याचं खोटं नव्हतं. पण नेटवर असतो तो कुठला तरी चित्रपट. वरून-खालून कापलेला, मधलं गाणं उडालेला, कोपऱ्यात कुणाचा तरी शिक्का बसलेला. माझ्याकडचा तोच आहे का, हे ठरवायलाही आधी माझ्याकडे काय आहे ते माहीत हवं. यादीला सुरुवात झाली ती या वादातून. छंद नंतर लागला.

आधी धुणं. साधं नळाचं पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ सुती कापड. पुसायचं ते मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ रेषेत. गोल फिरवून कधीही नाही. डिस्कवरची माहिती सर्पिलाकार लिहिलेली असते. आडवा ओरखडा गेला तर प्लेअर गाळलेलं भरून काढतो. ओरखडा त्या सर्पिलाच्या दिशेनेच गेला तर सलग मोठा तुकडा हरवतो आणि तिथे चित्र गोठतं. दुसरं म्हणजे, आपण चकचकीत बाजूला जपतो आणि व्हीसीडीचा खरा नाजूकपणा छापील बाजूला असतो. चकाकणारा धातूचा थर तिथे रोगणाच्या पातळ लेपाखालीच असतो, नखाने खरवडला तरी माहिती गेली. डीव्हीडीत तोच थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती वरून बरंच सोसते. मात्र कडेने पाणी आत गेलं की चकत्या एकमेकींपासून सुटू लागतात. घरी रेकॉर्ड केलेल्या डिस्कची अवस्था सर्वांत वाईट होती. मार्करने लिहिलेली नावं निम्मी धुऊन गेली होती आणि काहींचा रंगीत थर पापुद्र्यासारखा निघत होता. त्यांतल्या पुष्कळ मी सोडून दिल्या, त्याचं दुःख करत बसलो नाही.

धुऊन झाल्यावर खरं काम. छापील बाजूवर नाव असेल तर प्रश्न मिटला. पण स्वस्त व्हीसीडींवर कधी नुसतं कंपनीचं चिन्ह असतं, कधी ‘भाग २’ एवढंच. संगणकात घातली की नाव कळेल म्हणावं, तर कितीतरी व्हीसीडींचं नाव नुसतं ‘व्हिडिओसीडी’ आणि आत फाइलला क्रमांक. तेव्हा उपाय एकच, लावून बघणे. यासाठी बाहेरून जोडायचा ड्राइव्ह घ्यावा लागला, कारण आजकालच्या लॅपटॉपला डिस्कची खाचच नसते.

आणि इथे मला ते पान सापडलं, जे आपण सगळे पुढे ढकलतो: सेन्सॉरचं प्रमाणपत्र. लहानपणी थिएटरमध्ये ते दिसलं की ‘किती रिळांचा आहे’ एवढंच आम्ही मोठ्याने वाचायचो. त्यावर चित्रपटाचं नाव, भाषा, प्रमाणपत्राचा क्रमांक, तारीख, रिळं आणि लांबी मीटरमध्ये असते. कव्हरवर जाहिरात असते, नेटवर ऐकीव माहिती असते, आणि इथे सरकारी शिक्क्यानिशी मोजमाप. मी प्रत्येक डिस्कचं ते पान थांबवून त्याचा फोटो काढायला लागलो आणि माझ्या यादीचा कणा तोच झाला.

लांबीचा हिशेब सोपा आहे. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने चालते, म्हणजे मिनिटाला सुमारे २७.४ मीटर. प्रमाणपत्रावर ४,००० मीटर असेल तर चित्रपट साधारण १४६ मिनिटांचा. माझ्या डिस्कवर तो १२० मिनिटांत संपला, तर कुणीतरी कात्री चालवलेली आहे. मात्र १४० मिनिटं भरली, तर कुणालाही दोष देऊ नये. आपल्याकडची टीव्हीची ‘पाल’ पद्धत सेकंदाला २५ चौकटी दाखवते, चित्रपट चार टक्के जास्त वेगाने पळतो आणि सहा मिनिटं आपोआप वाचतात. आवाजही किंचित चढा लागतो. ‘एनटीएससी’ या दुसऱ्या टीव्ही पद्धतीच्या डिस्कवर ही भानगड नसते. तेव्हा यादीत मी पद्धतीचाही रकाना ठेवला. नाहीतर तोच चित्रपट दोन डिस्कवर दोन लांबीचा दिसतो आणि माणूस चक्रावतो.

प्रमाणपत्रावरून आणखीही काही कळतं. मंडळाचं नाव ‘सेन्सॉर’ असेल तर ते १९८३ च्या आधीचं. त्या वर्षी मंडळाच्या नावातला सेन्सॉर जाऊन प्रमाणन आलं आणि ‘यूए’ ही वर्गवारीही त्याच वर्षी सुरू झाली. त्यामुळे साठच्या दशकातल्या चित्रपटाच्या डिस्कवर यूए दिसलं की ते पान नंतर घेतलेल्या प्रमाणपत्राचं आहे हे उघड. अशा वेळी त्यावरची तारीख चित्रपटाच्या सालासाठी धरायची नाही.

सालाचा घोळ तसाही मोठा आहे. राष्ट्रीय पुरस्कार प्रमाणपत्राच्या वर्षावर दिले जातात, लोकांच्या लक्षात प्रदर्शनाचं वर्ष राहतं. ‘श्वास’ला २००३ सालचं सुवर्णकमळ मिळालं आणि तो लोकांनी पाहिला २००४ मध्ये. दोन्ही बरोबर. मी भांडण न करता दोन रकाने केले: प्रमाणपत्राचं साल आणि प्रदर्शनाचं साल. एक रिकामा राहिला तर राहू दे.

क्रमांकाच्या बाबतीत मदत झाली ती ओळखीच्या एका निवृत्त ग्रंथपालांची. मी डिस्कना भाषेनुसार, प्रकारानुसार क्रमांक देण्याच्या विचारात होतो: म म्हणजे मराठी, वि म्हणजे विनोदी असं काहीतरी. ते म्हणाले, “अहो, दाखल क्रमांक आणि वर्गीकरण वेगळं ठेवा. आली त्या क्रमाने नंबर द्या, तो जन्मभर बदलायचा नाही. बाकीचं सगळं रकान्यात.” लाखमोलाचा सल्ला. ‘अशी ही बनवाबनवी’ विनोदी आहे याबद्दल वाद नाही, पण ‘सामना’ राजकीय की सामाजिक, यावर मी एक संध्याकाळ घालवली असती. आता नंबर डिस्कच्या मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्याच्या शाईच्या मार्करने लिहितो. डिस्कवर चिकटपट्टी अजिबात लावायची नाही. वजन एका बाजूला झुकलं की ड्राइव्हमध्ये ती थरथरते, शिवाय आपल्याकडच्या उकाड्यात डिंक सुटून पसरतो.

मग यादी नेमकी कशाची, हा प्रश्न. एका चित्रपटाच्या तीन व्हीसीडी असतात, कारण व्हीसीडीत जेमतेम सव्वा तासाचं चित्र मावतं. उलट एकाच डीव्हीडीवर तीन-तीन चित्रपट कोंबलेले असतात, आणि ते कसे दिसतात ते बोलायलाच नको. एका ओळीत हे बसत नाही. शेवटी एकाच फाइलमध्ये दोन तक्ते केले. एक वस्तूंचा: नंबर, प्रकार, पद्धत, अवस्था, कुठल्या डब्यात. दुसरा चित्रपटांचा: नाव, भाषा, दोन्ही सालं, दिग्दर्शक, लांबी. दोन्ही क्रमांकांनी जोडलेले. ‘मुघल-ए-आझम’ची १९६० सालची बहुतांश कृष्णधवल प्रत आणि २००४ मध्ये रंगवलेली प्रत या दोन वस्तू, पण चित्रपट एकच. याउलट प्रभातचा ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ यांना दोन ओळी दिल्या. कथा तीच, साल तेच १९३७, पण मराठी आणि हिंदी अशी दोन वेगळी चित्रणं आहेत, डबिंग नव्हे.

तयार ॲप वापरून पाहिली. बारकोड दाखवा, माहिती आपोआप येते असं त्यांचं म्हणणं. भारतीय बारकोड ८९० ने सुरू होतो आणि तसा बारकोड दाखवला की बहुतेक वेळा उत्तर येतं, सापडलं नाही. माझ्याकडे तर कव्हरच नसल्याने बारकोडही नव्हते. साधी स्प्रेडशीट बरी.

देवनागरीत यादी करणाऱ्यांनी एका गोष्टीकडे आधीच लक्ष द्यावं. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टंकता येतं: एक स्वतंत्र अक्षर म्हणून, दुसरं ‘अ’वर अर्धचंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखीच, पण शोधताना संगणकाला ती वेगळी वाटतात. ‘ऱ्य’चंही तसंच. आणि ‘ळ’ आपल्या बाराखडीत ‘ह’च्या नंतर येतो, संगणकाच्या संकेतांकांत मात्र ‘ल’ला लागूनच. म्हणून मी नावाच्या शेजारी एक रोमन लिपीतला रकाना ठेवला. भाचा तसाही त्यातच शोधतो.

आता राहिला एक डबा. त्यात ‘भाग २’ आहेत ज्यांचा ‘भाग १’ पुरात गेला. दुसऱ्या भागावर प्रमाणपत्र नसतं, श्रेयनामावली नसते, डिस्क सुरू होते तीच कुणाच्या तरी रडण्याच्या मध्यावर. जोड्या लावताना आतल्या कड्यावर कोरलेला बारीक क्रमांक उपयोगी पडतो. एकाच चित्रपटाच्या डिस्कवर तो बऱ्याचदा लागोपाठचा असतो. ज्यांची जोडी लागत नाही, त्या रविवारी दुपारी आम्ही लावतो. हिंदी असेल तर गाणं येईपर्यंत थांबायचं, मुखडा टंकायचा, चित्रपट मिळतो. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज़’ यांनी हिंदी गाण्यांचे दशकवार कोश काढले, तेही छंद म्हणूनच. आपण नुसता एक मुखडा शोधताना त्या माणसाच्या चिकाटीचा अंदाज येतो. मराठी तमाशापटांच्या बाबतीत हिला विचारतो. सासरचा पाटील कोण, मास्तर कोण, एवढ्यावरून ती नाव सांगते आणि सहसा ते बरोबर निघतं. त्या रकान्यात मी ‘ओळख: प्रत्यक्ष पाहून’ असं लिहितो.

तिने अलीकडे स्वतःचा एक रकाना वाढवला आहे, ‘पुन्हा बघणार का’. नव्वदच्या दशकातल्या माझ्या मारधाडपटांसमोर तिने ओळीने ‘नाही’ भरत आणलं आहे. ते मी अजून खोडलेलं नाही. फाइलची एक प्रत भाच्याकडे आहे, छापील प्रत वरच्या मजल्यावर, आणि डिस्कचे डबेही आता तिथेच असतात.