वस्तू हातात देणारा रोबॉट: नजर आणि पकड

टेबलावरचा माझा रोबॉटिक हात स्क्रूड्रायव्हर उचलायला केव्हाच शिकला होता. या टप्प्यातला जवळपास सगळा वेळ गेला तो समोरच्याच्या हातात देण्यावर, आणि तो सत्कारणी लागला असं मला मनापासून वाटतं. माणसाशेजारी काम करणारा रोबॉट पुढे काय करणार आहे, हे त्याने हलायच्या आधीच कळलं पाहिजे.

त्यासाठी दोन सर्व्होंवर (ठरवलेल्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरींवर) फिरणारं छोटं डोकं बसवलं. वस्तू उचलली की आधी मान देण्याच्या जागेकडे वळते, मग हात निघतो. २०१४ साली पीआर२ या संशोधनासाठीच्या रोबॉटवर झालेल्या प्रयोगात हेच दिसलं होतं: रोबॉटने देण्याच्या जागेकडे पाहिलं की लोक हात लवकर पुढे करत. माझ्याकडेही फरक लगेच जाणवतो. डोकं बंद ठेवलं तर समोरचा माणूस रोबॉटचा हात पूर्ण थांबेपर्यंत वाट बघतो. चालू असलं तर अर्ध्या वाटेतच बोटं पुढे येतात.

खरी मेहनत पकडीवर झाली. देणाऱ्याने कधी सोडायचं? माणसं एकमेकांना वस्तू देतात तेव्हा घेणाऱ्याच्या हातात जसजसं वजन जातं, तसतशी देणाऱ्याची पकड सैल होते. वस्तू पडू न देणं ही मुख्यतः देणाऱ्याचीच जबाबदारी. म्हणून ग्रिपरखाली, म्हणजे वस्तू पकडणाऱ्या चिमट्याखाली, लोडसेल (वजन मोजणारा सेन्सर) लावला आणि त्याचा सिग्नल आकड्यांत बदलणाऱ्या एचएक्स७११ चिपने वाचायला घेतला. पण चिपच्या बोर्डावर वेग सेकंदाला १० रीडिंगचा होता, आणि त्या वेगाला आकडा स्थिरावायला ४०० मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात माणूस ओढतो, रोबॉट सोडत नाही, माणूस दचकून हात मागे घेतो. चिपची वेग ठरवणारी रेट पिन हाय केली (तिला व्होल्टेज दिलं) की ८० रीडिंग मिळतात आणि स्थिरावण्याचा वेळ ५० मिलिसेकंदांवर येतो. रीडिंगमधला नॉइज, म्हणजे आकड्याची उगाचची हलचल, थोडा वाढतो, पण चालतं. ज्यांचा ग्रिपर चिवट वाटतो त्यांनी कोडला हात लावण्याआधी ही पिन बघावी.

आता पकड एकदम उघडत नाही. वजन कमी होईल तसा सर्व्होचा कोन थोडा थोडा बदलतो. हातात घेताना हा फरक स्पष्ट कळतो.

राहिलंय ते घेणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे असतानाचं वागणं. सध्या हात तसाच पुढे धरून राहतो. थोडा मागे घेऊन थांबावं, असा विचार आहे. कुणी हे करून पाहिलं असेल तर किती मागे घेता, ते जरूर सांगा.